एका राक्षसाची किंमत किती?

(स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण. फळ्यावर मांडलेली समीकरणे इथे ओळींत दिली आहेत, बाकी मजकूर बोललो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटे दिली आणि सांगितले, "आपल्या कामाबद्दल किंवा छंदाबद्दल काहीही बोला." माझ्या आधी गुडघेदुखीवर बोलणे झाले, मग मृत्युपत्रावर. दोन्ही विषय आपल्या वयाला धरून होते. माझा तसा नाही. मी कॉम्प्युटरवरच्या एका पत्त्यांच्या खेळातल्या राक्षसांबद्दल बोलणार आहे, आणि त्यांची किंमत कशी काढायची ते सांगणार आहे. मागच्या बाकावरचे हसू ऐकू आले. पस्तीस वर्षांत तो बाक बदललेला नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी जन्मभर कॉस्टिंगची नोकरी केली. कारखान्यात एक सुटा भाग तयार होतो. त्याला पोलाद किती, मशीनचा वेळ किती, मजुरी किती, वीज किती, हे मांडायचे आणि नगाची किंमत काढायची. २०१५ साली माझी मुलगी नववीत होती. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला एक पत्ता हवाय, त्याला तीन हजार रुपये लागतील." मी विचारले, तीन हजारांत असे काय आहे त्या पत्त्यात? कॉस्टिंगच्या माणसाला दुसरा प्रश्न सुचत नाही. तिला उत्तर देता आले नाही, पण शोधायची तयारी होती. मग आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. आज बोलतो आहे ते त्या वहीतले.

खेळाचे नाव हार्थस्टोन. २०१४ मध्ये आलेला. दोन खेळाडू समोरासमोर, प्रत्येकाच्या गड्डीत ३० पत्ते आणि प्रत्येकाचा जीव ३०. समोरच्याचा जीव शून्यावर आणला की जिंकलात. बरेचसे पत्ते म्हणजे लढणारे प्राणी. खेळात त्यांना वेगळे नाव आहे, आमच्या घरी सरसकट 'राक्षस'. प्रत्येक राक्षसावर तीन आकडे असतात. खाली डावीकडे तो किती मारतो, खाली उजवीकडे किती मार सोसून मरतो. आम्ही त्यांना 'मार' आणि 'जीव' म्हणायचो. आणि वर डावीकडे त्याची किंमत, म्हणजे तो मैदानात उतरवायला किती 'मॅना' खर्च होतो. मॅना म्हणजे त्या खेळातले इंधन समजा. पहिल्या पाळीला एक मिळतो, दुसऱ्या पाळीला दोन, असे करत दहापर्यंत. उरलेला पुढच्या पाळीला चालत नाही. आपल्या लहानपणी रेशनचे रॉकेल जसे त्या महिन्यात उचलले नाही तर बुडायचे, तसे.

या प्रकारच्या खेळांचे मूळ १९९३ मधल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात आहे. तो तयार करणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे डॉक्टरेट आहेत, हे बाईंना ऐकून बरे वाटेल. तिथे मॅना देणारे पत्ते वेगळे असतात आणि ते हातात आलेच नाहीत तर तुम्ही नुसते बसून राहता. हार्थस्टोनने ती नशिबाची बाजू काढून टाकली, इंधन सगळ्यांना ठरलेले. त्यामुळे हिशेब करणाऱ्याचे काम सोपे झाले.

आता बाई, फळा वापरतो.

मार हा 'अ', जीव हा 'ब', आणि 'क' ही एक ठरावीक रक्कम, प्रत्येक पत्त्याला सारखीच लागू होणारी. आपण एवढेच गृहीत धरू की किंमत म्हणजे मार गुणिले अ, अधिक जीव गुणिले ब, अधिक क. तीन अज्ञात आहेत, तर तीन समीकरणे हवीत. त्यासाठी ज्यांना कसलीही खास विद्या नाही असे तीन साधे राक्षस घेतले. ब्लडफेन रॅप्टर: मार ३, जीव २, किंमत २. रिव्हर क्रॉकोलिस्क ही मगर: मार २, जीव ३, किंमत २. चिलविंड येती: मार ४, जीव ५, किंमत ४.

३अ + २ब + क = २
२अ + ३ब + क = २
४अ + ५ब + क = ४

पहिल्यातून दुसरे वजा करा. अ − ब = ०, म्हणजे अ आणि ब सारखेच. एक मार आणि एक जीव एकाच भावाचे. मग पहिले समीकरण ५अ + क = २ झाले आणि तिसरे ९अ + क = ४. वजाबाकी केली की ४अ = २. अ म्हणजे अर्धा मॅना. आणि क येतो उणे अर्धा.

हे उत्तर आले तेव्हा मुलगी म्हणाली, "उणे कसे? काहीतरी चुकलं." चुकले नव्हते. राक्षस उतरवताना मॅनाबरोबर हातातला एक पत्ताही खर्च होतो, आणि हातात पत्ते मोजकेच असतात. पत्ता दिला म्हणून दुकानदाराने अर्ध्या मॅनाची सूट दिली, असा त्या उण्याचा अर्थ. जुनी बॅटरी देऊन नवी घेताना मिळते तशी.

सूत्र तीन पत्त्यांवरून काढले, म्हणून ते त्या तिघांना लागू पडणारच. परीक्षा बाकीच्यांची. बोल्डरफिस्ट ओगर, मार ६, जीव ७: तेराचे निम्मे साडेसहा, उणे अर्धा, सहा. पत्त्यावरची किंमत सहा. मरलॉक रेडर, २ आणि १: दीड उणे अर्धा, एक. पत्त्यावर एक. ओएसिस स्नॅपजॉ नावाचे कासव, २ आणि ७: चार. पत्त्यावर चार. त्या संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत पोरीने पंचवीस-तीस पत्ते तपासले होते. बीजगणिताच्या पुस्तकातली आंब्या-केळ्यांची उदाहरणे सोडवताना मी तिला असे कधी पाहिले नव्हते.

मग न जुळणारे निघाले, आणि आम्हाला दोघांनाही त्यातच जास्त रस वाटला. मॅग्मा रेजर: मार ५, जीव १. सूत्राने अडीच, पत्त्यावर तीन. वॉर गोलेम, ७ आणि ७: सूत्राने साडेसहा, पत्त्यावर सात. कोर हाउंड, ९ आणि ५: पुन्हा साडेसहा आणि सात. किंमत पूर्णांकातच छापायची, तर अर्धा कुठेतरी जाणार. इथे तो प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या खिशातून गेला होता. हे मी वहीच्या समासात लिहून ठेवले. पुढे कामाला आले.

मॅग्मा रेजरचे दुखणे मात्र अर्ध्या मॅनापेक्षा मोठे आहे. जीव एकच. समोर जादूगार असेल तर तो हातातला एकही पत्ता न घालवता दोन मॅनात एक मार देऊ शकतो, आणि तुमचा तीन मॅनाचा राक्षस तिथेच आडवा. बेरीज सारखी असली तरी ५ आणि १ म्हणजे ३ आणि ३ नव्हे. आमच्या सूत्राला बेरीज कळते, बांधा कळत नाही.

नंतर विद्या असलेले राक्षस घेतले. पद्धत साधी: अंगाची किंमत सूत्राने काढायची, छापील किमतीतून वजा करायची, उरेल ती विद्येची किंमत. 'टॉन्ट' नावाची विद्या आहे, टोमणा मारणे. टोमणा मारणारा उभा असेल तर शत्रूच्या राक्षसांना आधी त्यालाच मारावे लागते. मूळ संचातले सर्वांना खुले असे सहा टोमणेवाले घेतले. त्यांत टोमण्याची किंमत निघाली शून्य, अर्धा, अर्धा, अर्धा, एक, एक. सरासरी अर्ध्याच्या किंचित वर. पत्ता ओढून देणारे दोन होते, नॉव्हिस इंजिनियर (१ आणि १, किंमत २) आणि नोमिश इन्व्हेंटर (२ आणि ४, किंमत ४). दोघांतही एक पत्ता ओढण्याचा भाव तंतोतंत दीड मॅना. कुणीतरी कुठेतरी अशीच वही ठेवून बसले आहे, याची तेव्हा खात्री पटली.

सगळ्यात सुंदर निघाला तो 'चार्ज'. साधा राक्षस उतरल्या पाळीला मारू शकत नाही, एक पाळी थांबतो. चार्जवाला लगेच धावून जातो. याची किंमत काढली तर एका पत्त्यात अर्धा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दीड, काही मेळच नाही. दोन दिवस ते पान तसेच होते. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आलो तर पोरीने वही दारातच पुढे केली. तिने चार्जच्या किमतीशेजारी प्रत्येकाचा मार लिहिला होता. स्टोनटस्क बोअर: मार १, चार्ज अर्धा. ब्ल्यूगिल वॉरियर: मार २, चार्ज एक. वूल्फरायडर: मार ३, चार्ज दीड. स्टॉर्मविंड नाइट: मार पुन्हा २, चार्ज पुन्हा एक. चार्जचा भाव ठरावीक नव्हताच, तो माराच्या निम्मा होता. लगेच मारता येते, म्हणून माराचे पैसे दुप्पट, जिवाचे तेवढेच. "बाबा, इथे बेरीज नाही चालत, गुणाकार लागतो," ती म्हणाली. नववीतल्या मुलीने हे पाठ्यपुस्तक न उघडता सांगितले. मी ऑफिसात लोकांना ओव्हरहेड कशावर लावायचे हे समजावता समजावता थकलो आहे.

(हो, असे करणारे आम्ही पहिले नाही. २०१४ मध्येच एली बुर्स्टाइन आणि सेलीन बुर्स्टाइन यांनी अमेरिकेत लास व्हेगासला डेफकॉन या परिषदेत हार्थस्टोनवरचे काम मांडले होते, आणि एली यांनी पत्त्यांच्या गुणांना समीकरणांनी भाव लावला होता. आम्हाला ते नंतर कळले. मुलगी थोडी हिरमुसली, मला मात्र आनंद झाला. दुसऱ्याच्या ताळेबंदाशी आपला जुळावा, यासारखे सुख नाही.)

काही विद्या उलट्या असतात, म्हणजे मालकालाच त्रास देणाऱ्या. एन्शंट वॉचर, मार ४, जीव ५, म्हणजे अंगाने येतीच. पण किंमत दोन. कारण त्याला हल्लाच करता येत नाही. या अपंगत्वाची किंमत उणे दोन. आता गंमत अशी की दुसरा एक पत्ता आहे जो कुणाचीही विद्या पुसून टाकतो. तो वॉचरवर वापरला की शापही पुसला जातो आणि चारचा येती दोनात पदरात पडतो. सूत्राला पत्ता एकेकटाच दिसतो. संसार दोघांचा असतो हे त्याला कळत नाही.

आता तीन हजारांकडे येतो.

तिला हवा होता डॉक्टर बूम. किंमत सात मॅना, मार ७, जीव ७. म्हणजे अंगाने आपला वॉर गोलेमच, जो सगळ्यांना फुकट मिळतो. पण डॉक्टर बूम येताना दोन छोटे यंत्रमानव बरोबर आणतो, प्रत्येकी १ आणि १. ते मरताना फुटतात आणि शत्रूपैकी कुणाला तरी १ ते ४ यांपैकी मार बसतो, सरासरी अडीच. बेरीज करा. ७ अधिक ७ अधिक ४, अठरा. निम्मे नऊ, उणे अर्धा, साडेआठ. आणि दोन स्फोट वर. हे सगळे सात मॅनात. गोलेमच्या वेळी वरचा अर्धा मॅना गिऱ्हाइकाने भरला होता, इथे दीड मॅना आणि दोन बॉम्ब दुकानाने सोडून दिले.

मग समासातली ती नोंद काढली आणि अशा जोड्या शोधल्या. ओगर मेजाय: ४ आणि ४, जादूचा मार एकने वाढवतो, किंमत पाच, फुकट मिळणारा. अ‍ॅझ्युअर ड्रेक: ४ आणि ४, जादूचा मार एकने वाढवतो, किंमत पाच, शिवाय एक पत्ता ओढून देतो. दीड मॅनाचा माल फुकट. फक्त हा ड्रेक तेव्हा पाकिटात निघावा लागायचा. सगळेच विकतचे पत्ते असे नव्हते, पाकिटांत रद्दीही भरपूर निघते. 'मॅजिक'चे मार्क रोझवॉटर यांनी तर २००२ मध्येच लेख लिहून वाईट पत्ते मुद्दाम का छापावे लागतात ते सांगितले आहे, आणि त्यांची काही कारणे पटण्यासारखी आहेत. सगळेच पत्ते चांगले असतील तर निवडण्यात अक्कल कसली? पण जोडीने ठेवलेले गोलेम आणि डॉक्टर पाहिले की माझ्यातल्या कॉस्टिंगवाल्याला दुसरेही एक कारण दिसते. फुकटचा पत्ता हा विकतच्या पत्त्याची जाहिरात आहे.

पाकिटाचा हिशेब असा. एका पाकिटात पाच पत्ते, त्यांतला किमान एक दुर्मीळ किंवा वरचा. नको असलेले पत्ते मोडता येतात, त्यांची 'धूळ' मिळते, आणि धुळीतून हवा तो पत्ता घडवता येतो. साधा पत्ता मोडला तर ५ धूळ, घडवायला ४०. दुर्मीळ मोडला तर २०, घडवायला १००. डॉक्टर बूमच्या वर्गातला, लेजंडरी, मोडला तर ४००, घडवायला १६००. सोनार मोडीत किती धरतो ते आठवा आणि हे आकडे पाहा. सगळ्यात वाईट पाकीट म्हणजे चार साधे आणि एक दुर्मीळ: वीस अधिक वीस, ४० धूळ. तेव्हा नशिबाने काहीच दिले नाही तर १६०० धुळीला ४० पाकिटे. खेळ आला तेव्हा ४० पाकिटांचा अमेरिकेतला भाव एक सेंट कमी ५० डॉलर. आमचे तीन हजार तिथून आले होते.

पण पाकीट खेळातल्या सोन्यानेही मिळत असे, शंभर नाण्यांना एक. रोजचे एक काम पुरे केले की किमान ४० नाणी. चाळीस पाकिटांना चार हजार नाणी, म्हणजे वाईटात वाईट शंभर दिवस. मी तिला दोन्ही रकाने मांडून दिले: इकडे तीन हजार रुपये, तिकडे शंभर दिवस रोज अर्धा-पाऊण तास. म्हटले, म्हणजे तुझ्या अर्ध्या तासाला कुणीतरी तीस रुपये भाव लावला आहे, मान्य आहे का बघ. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "खेळायला मला आवडतं, मग तो वेळ खर्चात का धरायचा?" या प्रश्नाला कॉस्टिंगमध्ये उत्तर नाही. मी तरी अजून वाचलेले नाही.

तिने नाणी जमवली. नशीब बरे होते, अठ्ठावीस पाकिटांत काम झाले, दोन महिन्यांच्या आसपास. एप्रिल २०१६ मध्ये त्या खेळाचे दोन विभाग झाले, मुख्य विभागात फक्त अलीकडचे संच चालणार असे ठरले, आणि डॉक्टर बूमचा संच त्यातून बाहेर गेला. बातमी ऐकून मी म्हटले, आता रडारड होणार. तिने वही मागितली, १६०० च्या पुढे ४०० लिहिले, फरक बाराशे काढला, आणि विचारले, "बाबा, तुमच्याकडे मशीन जुनं झालं की याला काय म्हणतात?" घसारा, मी म्हटले. तिने तो शब्द लिहून घेतला. पत्ता मोडला नाही, अजून तिच्याकडे आहे.

आपल्यापैकी काहींची नातवंडे आता मोबाइलवर खेळतात आणि कार्डाचा ओटीपी मागायला येतात, हे सकाळी चहाच्या वेळी ऐकले. आपणही बबलगममधल्या क्रिकेटच्या चित्रांसाठी काय काय केले ते इथे सांगत नाही, गुरुजन बसले आहेत. ओटीपी द्यायचा की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा. पण देण्याआधी कागद पुढे करा आणि विचारा, या पाकिटात वाईटात वाईट काय निघेल? चीनमध्ये २०१७ पासून कंपन्यांना शक्यता जाहीर कराव्या लागतात. तिथे या खेळाने सांगितलेला आकडा सरासरी वीस पाकिटांना एक लेजंडरी असा होता. आपल्याकडच्या पोरांना तो आकडा तिथूनच कळला.

एक गोष्ट अजून अडली आहे, ती बाईंसमोर ठेवतो. रेकलेस रॉकेटियर: मार ५, जीव २, चार्ज, किंमत सहा. अंगाचे तीन, चार्जचे अडीच, साडेपाच झाले. पत्त्यावर सहा. मी म्हणतो, हा नेहमीचाच वर ढकललेला अर्धा, पत्ता फुकटचा आहे ना. मुलगी म्हणते, नाही. पाचाचा मार अचानक अंगावर येणे हे पाच वेळा एकाचा मार येण्यापेक्षा जास्त घातक, म्हणून भाव सरळ रेषेत चढत नाही, वर वळतो. ते ठरवायला चार आणि सहा माराचे, सर्वांना खुले, बिनशापाचे चार्जवाले पत्ते हवेत. एक कॉर्क्रॉन एलिट आहे, मार ४, पण तो फक्त योद्ध्यांचा, आणि त्यांना सगळेच स्वस्त पडते, तेव्हा त्याची साक्ष आम्ही धरत नाही. वही मी आणली आहे, बाई. जेवणानंतर बघाल का?